ज्याचं काम त्याचं नाव: ठाण्यातल्या सोसायटी कमिट्यांना आणि उत्सव मंडळांना खुलं पत्र

माननीय चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार, मंडळांचे अध्यक्ष आणि सांस्कृतिक समितीतले सगळे काका, दादा, ताई, वहिनी यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका सोसायटीला नाहीये. घोडबंदर रोडच्या टॉवरपासून कोपरीतल्या जुन्या चाळीपर्यंत, वर्तकनगर, लोकमान्यनगर, नौपाडा, कळवा, जिथे जिथे गणपती बसतो, नवरात्र असतं, हळदीकुंकू आणि स्नेहसंमेलन होतं, पाडव्याला चित्ररथ निघतो, तिथल्या सगळ्या कमिट्यांना आहे. मागणी साधी आहे. तुमच्या कार्यक्रमासाठी ज्याने रांगोळी काढली, चित्र काढलं, मखर बनवलं, निवेदन लिहिलं, पोरांचा डान्स बसवला, त्याचं नाव त्या कामासोबत लावा, आणि ते काम कापायचं किंवा बदलायचं असेल तर आधी त्याला विचारा. बास.

मी वर्तकनगरला राहते, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे आणि पोर्ट्रेट रांगोळी काढते. यातल्या पहिल्या दोन गोष्टी आधार कार्डावर आणि ऑफिसच्या आयडीवर सापडतील, तिसरी कुठेच लिहिलेली नाही, पण मी कोण आहे हे मला विचाराल तर तिसरीतूनच सगळ्यात जास्त कळतं. ऑफिसात मी जीएसटीचे रिटर्न जुळवते, ते काम मी मन लावून करते, पण उद्या मी नसले तर माझ्या खुर्चीवर बसलेली दुसरी मुलगी तेच आकडे तसेच जुळवेल आणि ते बरोबरच आहे, आकडे तसेच जुळायला हवेत. रांगोळीचं तसं नाही. त्याच फोटोवरून दोन जणींनी काढलेले चेहरे कधीच सारखे येत नाहीत.

रांगोळीचं काम नेमकं काय असतं ते थोडं सांगते, कारण बऱ्याच जणांनी ती सकाळी तयार झालेलीच बघितलेली असते. लॉबीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, गुळगुळीत, त्यावर रांगोळी धरत नाही, जराशी फुंकर लागली तरी सरकते. म्हणून फरशी पुसून ठणठणीत कोरडी करायची, खडूने आराखडा काढायचा आणि रंग पातळ थर देत देत सोडायचे. पांढऱ्या रांगोळीत लेक कलर मिसळून शेड तयार करायच्या, गालाचा उजेडातला भाग वेगळा, सावलीतला वेगळा, नाकाच्या बाजूचा, हनुवटीखालचा, ओठांच्या कडेचा, शेजारी वाट्यांची रांग लागते. मी डोळ्यांपासून सुरू करते, कारण डोळा चुकला की बाकी कितीही सुंदर केलं तरी तो माणूस ओळखू येत नाही. बुबुळातला उजेडाचा ठिपका सगळ्यात शेवटी, चिमटीतून दोन-चार दाणे सोडायचे, तोपर्यंत ते नुसतं चित्र असतं आणि त्या चार दाण्यांनंतर ते तुमच्याकडे बघायला लागतं. हात टेकता येत नाही. चुकलं तर खोडता येत नाही, वरून फक्त दुसरा थर सोडता येतो. पंखे बंद ठेवायचे, लिफ्टचं दार उघडलं की जो वारा येतो त्याचीसुद्धा धास्ती, आणि रात्री जेवून बसलं की पेपरवाला येईपर्यंत गुडघे आणि कंबर दोन्ही सांगत असतात की आता पुरे. कोणी सक्ती केलेली नसते. तरी आपण बसतो कारण तो चेहरा अर्धा सोडून उठणं जमत नाही.

आता ज्यामुळे हे लिहायला घेतलं ते सांगते, त्या सोसायटीचं नाव घेत नाही कारण असं इतक्या ठिकाणी होतं की एकाचं नाव घेणं अन्यायाचं होईल. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, महिलांचा कार्यक्रम होता, मला बोलावलं, मी सावित्रीबाईंचं पोर्ट्रेट काढलं. खालच्या कोपऱ्यात बोटभर जागेत माझं नाव लिहिलं, जसं कोणीही चित्राखाली लिहितं तसं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो आला, सुंदर फोटो, पण खालचा कोपरा कापलेला. आठवड्याभराने गेटवर फ्लेक्स लागला त्यातही तोच फोटो, आजूबाजूला कमिटीचे गोल गोल फोटो, सगळ्यांची नावं आणि पदं, आणि जिने रांगोळी काढली तिचं कुठेच काही नाही. विचारलं तर उत्तर आलं, "अहो वहिनी, घरचंच तर काम आहे, त्यात नाव काय लावायचं!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला कळतं, प्रेमानेच बोलले ते. पण जी बाई १८५४ साली स्वतःच्या नावाने कवितांचं पुस्तक छापते, त्या काळात छापते, तिच्या चित्राखालचं एका बाईचं नाव आपण जागा वाचवायला कापतो, हे मला सहन झालं नाही.

घरचं काम. हौस. टाइमपास. "तुला आवडतं ना, मग काढ की." हे शब्द आपण किती सहज वापरतो. मंडपवाल्याचं बिल येतं, साउंडवाल्याला ॲडव्हान्स जातो, केटररचे आभार माइकवरून मानले जातात, आणि ते मानायलाच हवेत, ते पण मेहनत करतात. पण जो माणूस आवडीने करतो त्याला काही द्यायचं नाही, त्याचं नावही घ्यायचं नाही, हा नियम कुठून आला? आवडीने केलं म्हणून ते कमी त्याचं होतं का? माझ्या मते उलट आहे, आवडीने केलेलं काम माणसाचं जास्त असतं, पोटासाठी केलेल्यापेक्षा जास्त, कारण ते न करण्याची मोकळीक असताना त्याने ते केलेलं असतं.

नौपाड्यात एक बाई आहेत, आता साठीच्या पुढे आहेत, वॉटरकलर करतात, मासुंदा तलाव, स्टेशनजवळची जुनी घरं, पावसातला गोखले रोड. त्यांचं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, तेव्हा सर्रास तसंच व्हायचं, आडनाव तर बदललंच, पहिलं नाव पण बदललं. रेशन कार्ड, बँक, मतदार यादी, नातेवाईक, मुलांच्या शाळेचे दाखले, सगळीकडे नवीन नाव. माहेरचे लोक गेले तसं जुन्या नावाने हाक मारणारंही हळूहळू कोणी उरलं नाही. पण चित्राखाली त्या आजही माहेरच्या नावाने सही करतात. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, चित्र काढायला मी त्या नावाने शिकले. एवढंच. त्यांच्या सोसायटीने त्यांची काही चित्रं लॉबीत लावली, फ्रेम करून, त्याबद्दल मला कौतुकच आहे, फक्त खाली पितळी पट्टी लावली त्यावर फ्लॅट नंबर आणि "यांच्या सौजन्याने" म्हणून त्यांच्या मिस्टरांचं नाव आहे. फ्रेमच्या माउंटखाली त्यांची खरी सही झाकली गेली. कोणी मुद्दाम केलं नाही, फ्रेमवाल्याने मापात बसवलं. पण ज्या एका ठिकाणी त्या बाई स्वतःच्या नावाने जिवंत होत्या नेमकं तेच ठिकाण झाकलं गेलं. आणि त्या काही बोलल्या नाहीत. आपल्याकडच्या बायका नाहीच बोलत अशा गोष्टींवर, म्हणून मी बोलतेय.

आमच्या ओळखीतले एक काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते, कारखाना बंद झाला आणि त्यानंतर सगळ्या एरियात ते मखरवाले काका म्हणूनच ओळखले जायला लागले. आधी थर्माकोल कापायचे, २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हा लोकांना वाटलं आता काका संपले, तर काकांनी पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि बांबूच्या कामट्या यावर नव्याने हात बसवला, त्या वयात. जुलै उजाडला की त्यांच्या घरात बसायला जागा नसायची. मागे एका वर्षी मंडळाने रेडिमेड मखर आणलं, तो मंडळाचा अधिकार आहे, स्वस्त पडलं असेल, घडी करून ठेवता येत असेल. पण काकांना कोणी कळवलंच नाही. ते पुठ्ठे घेऊन बसले होते. नंतर भेटले तेव्हा तक्रार नाही, राग नाही, फक्त म्हणाले, आता मी काय करतो असं कोणी विचारलं तर सांगायला काही राहिलं नाही. फिटर असणं कारखान्याबरोबर गेलं होतंच, आता हेही गेलं. एक फोन केला असता तर त्यांनी त्या रेडिमेड मखराला झालर लावून दिली असती, खात्रीने सांगते.

कोणी म्हणेल, बाप्पाच्या कामात नाव कशाला हवं, हा अहंकार झाला. हे मला बऱ्याचदा ऐकवलं गेलंय आणि मी त्यावर खूप विचार केलाय. अहंकार सोडायला आपल्याला ज्यांनी शिकवलं ते संत, त्यांच्याकडेच बघा ना. तुकोबांचा अभंग कसा संपतो? तुका म्हणे. नामदेव म्हणतात नामा म्हणे. बहिणाबाई म्हणतात बहिणी म्हणे. आणि जनाबाई, दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करणारी बाई, जिचं नाव त्या काळच्या कुठल्याही कागदावर येण्याचं कारण नव्हतं, ती स्वतःच्या शब्दांत स्वतःचं नाव घालून ठेवते, नामयाची जनी म्हणून, आणि साडेसहाशे वर्षांहून जास्त काळ ते नाव टिकलंय. विठ्ठलासमोर सगळं टाकून उभी राहिलेली ही माणसं, त्यांना नाव घालणं अहंकार वाटला नाही. हे माझं बोलणं आहे, याची जबाबदारी माझी आहे, असा त्याचा अर्थ मला लागतो. ती ओळ काढून टाकून अभंग म्हणून बघा, किती पोरका वाटतो ते कळेल. शाहिरांच्या पोवाड्यातही शेवटी शाहिराचं नाव येतंच.

आणि आपलं ठाणं तर असं शहर आहे की इथल्या सगळ्यात लाडक्या नाट्यगृहाला एका लेखकाचं नाव आहे. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, अवघे ३३ वर्षांचे होते. नाटकं लिहिली ती गडकरी म्हणून, कविता लिहिल्या त्या गोविंदाग्रज म्हणून आणि विनोदी लेख बाळकराम म्हणून. एकाच माणसाला तीन कामांसाठी तीन नावं लागली, कारण प्रत्येक कामात तो वेगळा माणूस होता आणि त्याला ते माहीत होतं. तसंच पी. सावळाराम. खरं नाव निवृत्ती रावजी पाटील, आपल्या ठाण्याचे नगराध्यक्ष होते ते. नगराध्यक्षपद किती मोठं, पण आज कोणाला त्यांची नगराध्यक्ष म्हणून आठवण पहिली येते? जनकवी म्हणूनच येते. लेकीच्या पाठवणीला मांडवात जे गाणं लागतं आणि पुरुषमाणसंही तोंड फिरवून डोळे पुसतात ते गाणं त्यांचं. गाणं सगळ्यांना पाठ आहे, लिहिणारा माणूस याच शहरात राहत होता हे नव्या पिढीतल्या किती जणांना माहितीये, याची मला मनापासून काळजी वाटते.

गडकरीला नाटक बघायला जातो ना आपण, तिथलं मला फार आवडतं. तिसरी घंटा व्हायच्या आधी अनाउन्समेंट होते, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा, वेशभूषा, सगळी नावं. पेपरातल्या दोन इंचांच्या जाहिरातीतही नावं असतात. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी माणसं नाटक करतात, दिवसा नोकरी आणि रात्री तालीम, तिथेही नेपथ्याला वेगळं बक्षीस, प्रकाशयोजनेला वेगळं, रंगभूषेला वेगळं, नावानिशी. म्हणजे नाव घ्यायची पद्धत आपल्याकडे आहे, बाहेरून आणायची गरज नाही. पूर्वी दुकानांच्या पाट्या हाताने रंगवायचे तेव्हा पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचं, दुकानदार पैसे देऊनही ते राहू द्यायचा. दिवाळी अंकावरची चित्रकार दीनानाथ दलालांची, रघुवीर मुळगावकरांची सही लोक लांबून ओळखायचे. फ्लेक्स आला आणि कोपरा गेला. फ्लेक्स डिझाइन करणारी मुलं बघा, स्टेशनजवळच्या प्रिंटिंगच्या गाळ्यांत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसलेली असतात, शुभेच्छुकांची नावं टाइप करत, त्या फ्लेक्सवर तीस चेहरे असतात आणि ज्याने तो केला त्याचं एक अक्षर नसतं.

मुलांबद्दल तर मला आणखी जास्त वाटतं. एका बिल्डिंगमधला आठवीतला मुलगा, एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करत होता, त्याला गणपतीच्या निमंत्रण पत्रिकेसाठी चित्र काढायला सांगितलं. पोराने चार संध्याकाळ बसून काढलं, बाप्पा सोसायटीच्या गेटातून आत येतोय, वॉचमन काका सॅल्यूट करतायत, तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून बघतायत. कोणीतरी ते चित्र मोबाइलवर एआय ॲपमध्ये टाकून "प्रोफेशनल" करून घेतलं आणि तेच छापलं. गुळगुळीत, चकचकीत, मागे सोनेरी उजेड, वॉचमन काका गायब, आजी गायब. पत्रिका घरी आली तेव्हा आई म्हणाली बघ तुझं चित्र आलं, तर तो म्हणाला हे माझं नाहीये. आणि खरंच नव्हतं ते त्याचं. त्यानंतर त्याने सोसायटीसाठी काढायचं बंद केलंय. आपण काय करतो, दहावीला वाढीव मार्क मिळतात म्हणून मुलांना इंटरमिजिएटला बसवतो, मार्क मिळाले की रंगपेटी माळ्यावर, आणि एखादं पोर मार्कांच्या पलीकडे जाऊन आपल्या वॉचमन काकांना चित्रात घेतं तर आपण ते पुसून टाकतो. ज्याने कोणी हे केलं त्याला कार्ड छान दिसावं एवढंच हवं होतं. पण त्या मुलाने काय बघितलं होतं ते त्या चित्रात होतं, ते आता कुठेच नाही.

कायद्याचं पण थोडं सांगते, धमकी म्हणून नाही, माहिती असावी म्हणून. आपल्या देशाच्या कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, ५७ वं कलम आहे. चित्र विकलं, हक्क लिहून दिले, पैसे घेतले, तरीसुद्धा ते काम माझं आहे असं सांगायचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो, आणि त्याच्या नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड केली तर त्याला हरकत घेता येते. हे नुसतं कागदावर नाहीये. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनात ब्राँझचं प्रचंड मोठं भित्तिशिल्प केलं होतं, सरकारनेच करून घेतलं होतं, पैसे दिले होते. १९७९ मध्ये डागडुजीच्या कामात ते उतरवलं आणि गोदामात टाकलं, तुकडे झाले, त्यांना विचारलंही नाही. ते कोर्टात गेले, २००५ साली दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की जे काही उरलंय ते त्यांना परत द्या आणि वर पाच लाख रुपये भरपाई द्या. करून घेणारं सरकार होतं, मालक सरकार होतं, तरी. सगळे निकाल कलाकाराच्याच बाजूने लागतात असंही नाही, प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स २०१७ मध्ये पाडला तेव्हा वास्तुविशारद राज रेवाल यांनी दाद मागितली, पण २०१९ ला त्याच हायकोर्टाने इमारत पाडायला ते हरकत घेऊ शकत नाहीत असं म्हटलं. म्हणजे वस्तू कायम ठेवा असा हट्ट दर वेळी चालत नाही आणि माझा तो हट्ट नाहीच. सोसायटीची भिंत आहे, पाच वर्षांनी रंग काढावा लागणार. फक्त रंगाऱ्याला बोलावायच्या आधी ज्याने ती भिंत रंगवली त्याला सांगा, त्याला येऊन फोटो काढू दे, मुलाबाळांना दाखवू दे.

"रांगोळी तर दुसऱ्या दिवशी पुसायचीच असते, तिच्यावर कसलं आलंय नाव," हेही ऐकलंय. हो, पुसायचीच असते. सकाळी केरसुणी फिरते तेव्हा मला काही वाटत नाही, ते रांगोळीचं नशीबच आहे आणि ते मान्य करूनच आम्ही बसतो. पण म्हणूनच तर फोटो आणि नाव याला महत्त्व आहे, दुसरं काही मागे राहतच नाही. तेवढा एक कोपरा कापला तर रात्रभर तिथे कोण बसलं होतं याचा काहीच पुरावा नाही.

एक विषय वारलीचा, कारण ठाण्यात आता प्रत्येक तिसऱ्या कंपाउंडवर वारली दिसते. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला त्याआधी डहाणू, तलासरी, जव्हार हे सगळं आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, ही आपल्या शेजारची चित्रकला आहे. लग्नघरात सवासिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहायच्या, त्या बायकांची नावं कोणी नोंदवून ठेवली नाहीत. मग डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, रोजची केली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. एवढं एक नाव जगापर्यंत पोचायला किती काळ जावा लागला बघा. आता कॉन्ट्रॅक्टर स्टेन्सिल लावून भिंत मारतो आणि खाली स्वतःच्या पेंट कंपनीचा स्टिकर चिकटवतो. कंपाउंडवर वारली हवी असेल तर जरूर करा, पण डहाणू-जव्हारकडच्या वारली कलाकारांना बोलावून करा, दोन तासांचा रस्ता आहे, त्यांना त्यांचा मोबदला द्या आणि गेटजवळ त्यांचं आणि त्यांच्या पाड्याचं नाव लिहा.

मोबदल्याचं म्हणाल तर प्रत्येक जण पैसे मागत नाही, मीही प्रत्येक वेळी मागत नाही. पण सामानाचे पैसे तरी आधी द्यावेत, लेक कलर स्वस्त नाहीत आणि दर वेळी "बिल आणा मग बघू" म्हणून ते राहतंच. आणि ज्याचं पोटच त्यावर आहे त्याला "एक्सपोजर मिळेल" असं कृपा करून सांगू नका, मानधन किती ते आधी ठरवा आणि वेळेत द्या.

नाव कसं लिहायचं ते त्यालाच विचारा, माहेरचं की सासरचं, पूर्ण की नुसतं पहिलं, की टोपणनाव. अमुकतमुक यांच्या मिसेस किंवा बी विंग ३०४ असं लिहू नका. ग्रुपवर फोटो टाकताना पहिली ओळ काम करणाऱ्याची टाका. निवेदन दुसऱ्याने लिहिलं असेल तर निवेदकाने माइकवर सांगावं की लेखन कोणाचं आहे. वार्षिक अहवालात पंपाची दुरुस्ती आणि लिफ्टचा एएमसी येतो तिथे वर्षभरात कोणी काय केलं त्याचीही यादी येऊ दे, तो अहवाल फाइलला लागतो, वीस वर्षांनी कोणी उघडला तर सापडेल. ज्या सोसायट्या हे आधीपासून करतायत त्यांना माहितीच आहे, तिथे माणसं आपणहून पुढे येतात, एका ठिकाणी तर नुसतं नाव लावायला लागल्यावर दोन मजले सोडून राहणारा एक मुलगा बासरी वाजवतो हे पहिल्यांदा कळलं, इतकी वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

आता नवरात्राच्या मिटिंगा लागतील. अजेंड्यात हा एक विषय घ्या, "कार्यक्रमातील कामांची श्रेयनोंद" असा, हवं तर मी ठरावाचा मसुदा लिहून देते, अर्ध्या पानाचा होईल. माझ्याबरोबर नौपाड्याच्या त्या बाई येतील, मी विचारलंय त्यांना, आणि मखरवाल्या काकांनाही आणायचा माझा प्रयत्न आहे. फक्त मिटिंग रात्री आठनंतर ठेवा, आमच्यातले बरेच जण नोकरीवाले आहेत आणि सातची लोकल कधी वेळेवर येत नाही.

आपली,
वर्तकनगरची एक रांगोळी कलाकार